जुन्या मोटारीतील गारवा



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकता. आमचा आजचा विषय त्या मानाने फारच जमिनीवरचा आहे. जुन्या मोटारीतल्या एसीचा गारवा कमी झाला, तर त्यात घरच्या घरी गॅस भरता येतो काय, आणि येत असल्यास तो भरावा काय, एवढाच हा विषय. कार्यक्रमपत्रिका वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, हे व्याख्यान आहे की गॅरेज?" आम्ही त्यांना म्हटले, "आपण ऐकावयास या. गाडी मात्र घरी ठेवा." ते आलेले आहेत.

मोटारीतला गारवा ही चैन आहे, असे आम्हीही एके काळी मानीत होतो. वैशाखातल्या दुपारी ऐंशी वर्षांच्या आईला गाडीतून इस्पितळात नेण्याची पाळी आली, बाहेर चाळीस अंश उष्णता, आणि एसीच्या झरोक्यांतून येणारी हवा रस्त्यावरच्या हवेइतकीच गरम. त्या दिवशी आमचे मत बदलले. आमची गाडी तेव्हा सोळा वर्षांची होती. पंधरा वर्षांनी तिची नोंदणी आम्ही रीतसर वाढवून घेतली होती आणि तिचे एंजिन उत्तम चालत होते. अशा गाड्या आपल्यापैकी पुष्कळांकडे असतील. त्या मोडीत काढावयाच्या नाहीत, आणि त्यांत बसून उकडूनही घ्यावयाचे नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसांसाठी आजचे हे चार शब्द आहेत.

प्रथम हे यंत्र गार कसे करते ते पाहू. त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातल्या माठाकडे पाहणे पुरेसे आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, बाहेरच्या हवेत त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. इंजेक्शनापूर्वी दंडाला स्पिरिट लावतात तेव्हा गार लागते, त्याचेही कारण हेच. द्रवाची वाफ व्हावयाची तर त्याला उष्णता लागते, आणि ती तो जवळच्या वस्तूतून घेतो. मोटारीतला एसी म्हणजे असाच एक माठ आहे. फरक एवढाच की, माठाची वाफ अंगणात निघून जाते आणि गाडीतली वाफ नळ्यांमध्ये कोंडलेली राहते.

तिचा फेरा असा. आपल्या पायांच्या वरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या आत, एक जाळी असते. गॅरेजवाले तिला कूलिंग कॉइल म्हणतात. तिच्यात द्रवाची वाफ होते, जाळी थंडगार पडते, आणि तिच्यावरून पंख्याने ढकललेली हवा आपल्याकडे येते. ही वाफ जाड नळीने कॉम्प्रेसरकडे जाते. एंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर तिला दाबतो, तेव्हा ती तापते. तापलेली वाफ गाडीच्या नाकाशी बसविलेल्या दुसऱ्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये जाते. तेथे समोरून येणाऱ्या हवेला आपली उष्णता देऊन ती पुन्हा द्रव होते, ड्रायरमधून गाळली जाते, आणि एका बारीक छिद्राच्या झडपेतून पुन्हा कूलिंग कॉइलमध्ये शिरते. तोच पदार्थ असा हजारो वेळा फिरतो. तो जळत नाही, झिजत नाही आणि खर्च होत नाही.

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यावयाचे असेल तर ते हे : गाडीतला गॅस संपत नाही, तो गळतो. पेट्रोल संपते म्हणून भरतात. माठातले पाणी उडून जाते म्हणून रोज भरतात. एसीचा गॅस ज्या गाडीत दरवर्षी भरावा लागतो, त्या गाडीला कोठे तरी भोक आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांतून आणि सांध्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा गॅस झिरपतो, हे आम्ही मान्य करतो. दहा वर्षांत एकदा गारवा थोडा उणा पडला तर ती वयाची खूण समजावी. पण दर चैत्रात गॅस भरावा लागणे ही वयाची खूण नसून रोगाची आहे.

आता आमची फजिती सांगतो, कारण शहाणपण आम्हाला तिच्यातूनच आले. आईच्या त्या प्रसंगानंतर आम्ही गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी "गॅस संपलाय" असे सांगितले, भरून दिला, पैसे घेतले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. चौथ्या वर्षी आम्हाला स्वावलंबनाची स्फूर्ती झाली. बाजारातून गॅसचे दोन डबे आणले, एका घड्याळाची नळी आणली, आणि रविवारी सकाळी इमारतीच्या आवारात बॉनेट उघडून उभे राहिलो. नळी जोडली, घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्यात येईतो भरले, आणि गाडी गार झाली. शेजाऱ्यांनी आमच्याकडे ज्या आदराने पाहिले तो आम्ही अजून विसरलो नाही. महिन्याभरात गारवा ओसरला. तेव्हा दुसरा डबा काढला. या वेळी घाई होती. डबा उलटा धरला की लवकर भरतो हे ध्यानात आले, म्हणून उलटा धरला. कॉम्प्रेसरमधून ठकठक असा आवाज आला. घाबरून सरळ केला, पण बाकीचा गॅस भरलाच, कारण संध्याकाळची वेळ होती, हवा थंड होती आणि काटा अजून हिरव्यातच होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी चौकात गाडी उभी राहिली आणि एसी आपोआप बंद पडला. थोड्या वेळाने चालू झाला, पुन्हा बंद पडला.

मग एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी आम्हाला तीन प्रश्न विचारले. "साहेब, आत किती होता?" आम्हाला माहीत नव्हते. "तुम्ही किती घातला?" तेही आम्हाला नीटसे सांगता येईना. "बरं, आधीचा गेला कुठे?" आम्ही गप्प. चार उन्हाळे गॅस भरला गेला, पण हा तिसरा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता, आणि आम्ही स्वतःलाही विचारला नव्हता.

त्यांनी यंत्र लावून आतला सगळा गॅस एका टाकीत ओढून घेतला आणि तो वजन केला. बॉनेटच्या आतल्या चिठ्ठीवर साडेपाचशे ग्रॅम लिहिले होते. आत सातशेच्या वर निघाला. म्हणजे गारवा कमी पडत होता तो गॅस जास्त झाल्यामुळे. कंडेन्सरमध्ये द्रवाचीच दाटी झाली की वाफेला थंड व्हावयास जागा उरत नाही, दाब चढतो, आणि यंत्र फुटू नये म्हणून दाबाचा स्विच ते बंद करतो. मग त्यांनी कॉम्प्रेसरजवळच्या जाड नळीचा सांधा दाखविला. त्याच्याभोवती तेलकट काळा मळ चिकटला होता. आत फिरणाऱ्या गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे वंगणतेलही फिरते. गॅस गळतो तेव्हा दिसत नाही, पण सोबतचे तेल बाहेर राहते आणि त्यावर धूळ बसते. चोराच्या पावलांसारखी ही खूण. आतली रबरी ओ-रिंग कडक होऊन चिरली होती. अशी एक कडी काही रुपयांना मिळते. ती बदलली, ड्रायर बदलला, आणि मोजून गॅस भरला. त्याला पाच उन्हाळे झाले. त्यानंतर आम्ही एक ग्रॅमही भरलेला नाही.

घड्याळाचा काटा आम्हाला खोटे बोलला काय? नाही. आम्ही त्याला जो प्रश्न विचारीत होतो, त्याचे उत्तर त्याच्याकडे नव्हतेच. आपल्या घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरचे पाहा. अर्धा सिलिंडर संपला तरी शेगडीची ज्योत तशीच असते. आत थोडासा द्रव शिल्लक असेतो दाब हा उष्णतेवर ठरतो, मालावर नव्हे. गाडीतही एंजिन बंद असताना, तीस अंश उष्णतेत, काटा सुमारे पंच्याण्णव ते शंभर पौंड दाखवितो, मग आत दोनशे ग्रॅम असो की पाचशे. सिलिंडर भरलेला आहे की नाही हे आपण दाबावरून ओळखीत नाही, काट्यावर चढवून १४.२ किलो मोजून घेतो. गाडीच्या गॅसचेही माप वजन हेच आहे. एंजिन चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब पाहिले तर यंत्राच्या प्रकृतीविषयी पुष्कळ कळते. पण एकाच बाजूचे, रंगीत पट्ट्याचे घड्याळ पाहून गॅस भरणे म्हणजे नाडी पाहून वजन सांगण्यासारखे आहे.

आता या गॅसचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण आपली गाडी किती जुनी आहे यावर तिच्यात काय आहे हे अवलंबून असते. शीतयंत्रांत पूर्वी अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरीत. ते गळले तर माणसे दगावत. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न पेटणारा, विषारी नसलेला असा वायू शोधला. तोच पुढे आर-१२ झाला. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखविली. १९४० च्या मॉडेलांत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातूनच एसी बसवून गाड्या विकल्या. त्यांत कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर एंजिन बंद करून पट्टा काढून ठेवावा लागे. पुढे तो वायू घरोघर आणि गाडोगाडी गेला, आणि गळला तरी कोणाला काही होत नाही म्हणून कोणी पर्वा केली नाही.

पण गळलेला वायू जातो कोठे, हा आमच्या मिस्त्रींचा प्रश्न १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी साऱ्या जगाला विचारला. तो वर चढतो, सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, आणि त्यातला क्लोरीन ओझोनचा थर खातो, असे त्यांनी दाखविले. १९८५ साली ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावर तो थर वसंतात फार विरळ होत असल्याचे जाहीर केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल येथे करार झाला. भारत १९९२ साली त्यात सामील झाला. मोलिना, रोलंड आणि क्रुट्झेन यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० नंतरच्या दशकात मोटारींत आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. त्यात क्लोरीन नाही, म्हणून ओझोनला त्याच्यापासून भय नाही.

तथापि त्याचा दुसरा दोष आहे. उष्णता धरून ठेवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. साधा हिशेब मांडू. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे म्हणजे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडणे. एक लिटर पेट्रोल जळाल्याने सव्वादोन किलोंच्या आसपास तो निर्माण होतो. म्हणजे ते तीनशे लिटर पेट्रोल झाले. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर साडेचार हजार किलोमीटर. पुण्याहून नागपूरला तीनदा जाऊन परत यावे, एवढा धूर एका सांध्यातून, आवाज न करता, निघून जातो. आमच्या गाडीने चार उन्हाळ्यांत असा किती गॅस आकाशाला दिला, याचा हिशेब करावयास आम्हाला लाज वाटते. हा वायू कमी करीत नेण्याचा करार २०१६ साली रवांडातील किगाली येथे झाला, आणि भारताने तो २०२१ साली मान्य केला. नव्या गाड्यांतून आता तिसऱ्याच, आर-१२३४वायएफ नावाच्या वायूचा वापर वाढला आहे. तो थोडासा ज्वालाग्राही आहे, आणि त्याच्या जोडण्याही निराळ्या आहेत.

मग घरी काय करावे? पुष्कळ करता येते, आणि त्यातले बहुतेक गॅसला हात न लावता करता येते. गारवा कमी झाला की प्रथम बाकीचे संशयित तपासावेत. कंडेन्सरच्या जाळीत धूळ, पाने, किडे अडकले असतील, तर एंजिन थंड असताना साध्या नळाच्या मंद धारेने ती धुवावी. फार जोराच्या फवाऱ्याने तिची पाती वाकतात. एसी लावल्यावर तिच्यामागचा पंखा फिरतो की नाही हे पाहावे. पट्टा सैल आहे काय, आत येणाऱ्या हवेचा फिल्टर मातीने भरला आहे काय, कॉम्प्रेसरचा क्लच टक्‌ असा आवाज करून लागतो काय, हे पाहावे. गाडीखाली पाणी ठिबकते ते पाहून घाबरू नये. ती हवेतली वाफ कूलिंग कॉइलवर निवळलेली असते, यंत्र चालत असल्याचीच ती खूण आहे.

त्यानंतर गळती शोधावी. सांध्यांवर तेलकट मळ आहे काय ते पाहावे. एंजिन बंद करून साबणाचा दाट फेस ब्रशाने सांध्यांना लावावा आणि दोन मिनिटे धीर धरावा. बुडबुडा फुगला की चोर सापडला. गॅस भरावयाच्या तोंडांवरची प्लास्टिकची झाकणे नसतील तर ती आधी आणून लावावीत. पुष्कळ गळती तेथूनच होते. डॅशबोर्डच्या आतली जाळी गळत असेल तर मात्र ती घरी दिसणार नाही.

इतके करून खरोखरच थोडा गॅस उणा आहे आणि तो आपणच भरणार, असे ठरले तर काही नियम मोडू नयेत. हे काम उघड्यावर करावे. हा वायू हवेपेक्षा जड असतो, बंद गॅरेजात जमिनीलगत साचतो आणि श्वास कोंडतो. जवळ विडी-सिगारेट किंवा ज्योत नको, कारण ज्वालेत तो विषारी होतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे हवेत. उघड्यावर हा द्रव उणे सव्वीस अंशांना उकळतो, तो कातडीवर उडाला तर गोठवून जखम करतो. नळी नेहमी जाड, थंड पाईपावरच्या लहान तोंडालाच जोडावी. बारीक, गरम पाईपावर दाब दोनशे-अडीचशे पौंड असतो. तेथे डबा जोडून एंजिन चालू केले तर गॅस उलटा डब्यात घुसेल आणि डबा हातात फुटेल. डबा उभाच धरावा. उलटा धरला की आत वाफेऐवजी द्रव जातो, आणि द्रव दाबला जात नाही, तो कॉम्प्रेसरच मोडतो. आमच्या कानांनी ऐकलेली ती ठकठक हीच होती. भरताना डबा थंड पडतो, त्याला कोमट पाण्याच्या बादलीत ठेवावा. शेगडी दाखवू नये. आणि डबा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर आधी आणि नंतर मोजून आकडा लिहून ठेवावा. थोडे भरून थांबावे, पाहावे. संशय आला तर कमीच ठेवावे.

काही गोष्टी मात्र घरी करूच नयेत. यंत्र पूर्ण रिकामे झाले असेल तर आत हवा आणि दमट वाफ शिरलेली असते. त्या पाण्याचे आम्ल होते, आणि झडपेच्या बारीक छिद्रात त्याचा बर्फ होतो. अशा वेळी आधी व्हॅक्यूम पंपाने अर्धा-पाऊण तास सारे ओढून काढावे लागते, पंप बंद करून निर्वात टिकतो की नाही ते पाहावे लागते, आणि मगच चिठ्ठीवरच्या वजनाइतका गॅस भरावा लागतो. पंप, दोन घड्याळांचा संच, काटा आणि हात असलेले गृहस्थ हे घरी करू शकतील. बाकीच्यांनी मिस्त्रींकडे जावे. गाडी आर-१२ च्या काळातली असेल तर तिच्यात दुसरा वायू वरून घालू नये. तेल, ड्रायर आणि सील बदलल्यावाचून ते चालत नाही. भोक बुजविणारे औषध मिसळलेले डबे मिळतात, ते घेऊ नयेत. ते भोकाबरोबर झडपही बुजवितात. आणि स्वस्त पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून देतो म्हणाला, तर त्याला हात जोडावेत. तो गार करतो हे खरे, पण गळला तर आपण बसतो त्याच खोलीत गळतो, आणि एका ठिणगीची वाट पाहतो.

मिस्त्रींकडे गेलात तर त्यांचे तीन प्रश्न आपण त्यांना विचारावेत. आत किती निघाला, किती घातला, आणि गेला कोठे? उत्तर देणारा मनुष्य भेटला तर त्याला दोन पैसे अधिक द्यावेत. आणि थंडीच्या दिवसांत, गारव्याची गरज नसतानाही, पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा. आत तेल फिरते, कॉम्प्रेसरच्या दांड्याचे सील ओले राहते आणि चिरत नाही. याला काही खर्च नाही.

श्रोतेहो, स्वतःच्या हाताने काम करावे याबद्दल आमच्या मनात शंका नाही. दोन डबे फुकट गेले तरी बॉनेट उघडल्याचा आम्हाला पश्चात्ताप होत नाही, कारण ते उघडले नसते तर मिस्त्रींचा प्रश्न आम्हाला समजलाच नसता. पण स्वावलंबन म्हणजे दुकानातून डबा आणून ओतणे नव्हे. जे कमी झाले ते का कमी झाले, हे शोधणे म्हणजे स्वावलंबन. माठ रोज भरावा, कारण त्यातले पाणी ज्या हवेत जाते तिला ते हवेच असते. गाडीतला गॅस मात्र ज्या आकाशात जातो, ते आमचे एकट्याचे नाही.

आमच्या आई आता नव्वदीकडे झुकल्या आहेत. परवा दुपारी त्यांना डॉक्टरांकडे नेले. गाडीत बसल्यावर थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "अरे, जरा कमी कर. गार लागतंय." आम्ही लगेच कमी केला.